आधणकाकूंचा घसा

सईने मुलाचं नाव सांगितलं तेव्हा इंदिराबाई पोळ्या लाटत होत्या. नाव धवल. सईच्याच कंपनीत, अंबडला, क्वालिटी विभागात. सिगरेट नाही, दारू नाही, आणि मुख्य म्हणजे सईला मनापासून आवडलेला. इथपर्यंत पोळी गोल होती.

"आणि सुट्टीच्या दिवशी पॉडकास्ट करतो," सई म्हणाली. "'उतू गेलं' नावाचा. बराच चालतो म्हणे. मी काही ऐकत नाही, मला कुठे वेळ."

लाटणं सटकलं आणि पोळीला शेपूट फुटलं.

"पॉडकास्ट म्हणजे?" वेणीमाधवरावांनी वर्तमानपत्रामागून विचारलं.

"फोनवर ऐकायचा कार्यक्रम, बाबा. लोक आपापल्या घरातल्या गमती बोलून पाठवतात, हा त्या सगळ्यांना ऐकवतो, मध्ये मध्ये स्वतः बोलतो. ऐकणाऱ्यांचा मोठा ग्रुप आहे. ते एकमेकांना पातेली म्हणतात."

"काय म्हणतात?"

"पातेली. नवा आला की वाटी. रुळला की पातेलं. अगदीच मुरला की घंगाळ."

वेणीमाधवरावांनी वर्तमानपत्राची घडी केली, कडा जुळल्या आहेत ना ते पाहिलं आणि निकाल दिला. "म्हणजे रिकामटेकडे." एकलहऱ्याच्या वीज केंद्रात बॉयलरवर नोकरी करून निवृत्त झालेला हा माणूस; जगातल्या प्रत्येक वस्तूची व्याख्या केल्याशिवाय त्याला जेवण जात नसे. "ज्यांना घरात कुणी विचारत नाही, ते असले उद्योग करतात. न पाहिलेल्या माणसांशी कसल्या गप्पा?"

इंदिराबाईंनी शेपटाची पोळी तव्यावर टाकली. बोलणार काय? 'उतू गेलं'मधलं सगळ्यात जुनं, सगळ्यात मोठं आणि सगळ्यात लाडकं घंगाळ त्या स्वतः होत्या.

ते झालं असं की, दोन वर्षांपूर्वी नाचणीच्या पापडांची कृती शोधताना फोनवर भलतीकडेच बोट पडलं आणि एका तरुण मुलाचा आवाज आला, "बोला, तुमच्याकडे आज काय उतू गेलं?" नेमकं त्याच क्षणी गॅसवरचं दूध उतू गेलं. "दूध!" इंदिराबाई फोनला म्हणाल्या. पुष्कळ दिवसांनी त्यांना कुणीतरी काहीतरी विचारलं होतं. मग निरोप कसा पाठवायचा ते त्या शिकल्या. दुपारी वेणीमाधवराव झोपले की गॅलरीत वाळत घातलेल्या चादरीमागे उभं राहायचं आणि दबक्या आवाजात फोनमध्ये सांगायचं. टोपणनाव घेतलं 'आधण'. महिन्याभरात आख्खा ग्रुप त्यांना आधणकाकू म्हणू लागला.

आणि आधणकाकू सांगत काय होत्या? नवऱ्याच्या गोष्टी. नाव न घेता, 'आमचे साहेब' म्हणून. साहेब कोथिंबीर आणायला जातात आणि भाजीवाल्याला जुडी कशी बांधावी ते शिकवून रिकाम्या हाताने परत येतात. साहेबांनी मांजर बसू नये म्हणून स्कूटरच्या सीटवर काटेरी फांदी ठेवली आणि सकाळी घाईत स्वतःच तिच्यावर बसले. आणि सगळ्यात गाजलेली, अर्धी शिट्टी. कुकर लावला की साहेब ओट्याशी येऊन उभे राहतात आणि शिट्ट्या मोजतात. एकदा तिसरी शिट्टी जराशी फुसकली, तर साहेब म्हणाले, "ही अर्धीच धर." त्या अर्ध्या शिट्टीवरून घरात दोन दिवस अबोला होता. तो भाग इतका चालला, की ग्रुपमध्ये लोक हाय-हॅलोऐवजी 'झाली का अर्धी शिट्टी?' असंच म्हणू लागले.

गोष्ट सांगून झाली की आधणकाकू हसत. ते हसणं उचकीसारखं सुरू व्हायचं, मग वर वर चढत जायचं आणि शेवटी बारीक किंचाळून फुटायचं. धवल ते हसणं कधीच कापत नसे.

झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून इंदिराबाई आजवर सुखात होत्या. आता तोच धवल त्यांच्या दारात मुलगी बघायला येणार होता.

वेणीमाधवरावांनी आधी नाही म्हटलं, मग सईचं तोंड पाहून अर्धं हो म्हटलं. पण अट घातली. "एकटा आलेला मुलगा मी बघत नाही. घरची चार वडीलधारी माणसं घेऊन ये म्हणावं. रीत म्हणजे रीत."

इथे धवलची पंचाईत होती. आई लहानपणीच गेलेली, वडील तीन वर्षांपूर्वी गेले, आणि एकुलता एक काका कॅनडाला जाऊन बसलेला. हे सईने सांगितलं तरी वेणीमाधवराव बधले नाहीत. "कुणीतरी असेलच की. कुणीच नाही असा माणूस नसतो."

हे वाक्य सईने धवलला कळवलं, आणि धवलने हताश होऊन आपल्या ग्रुपवर टाकलं: रविवारी नाशिकरोडला पोहे खायला माझ्याकडून चार माणसं हवी आहेत, कुणी येईल का? गॅलरीतल्या चादरीमागे इंदिराबाईंनी ते वाचलं. खाली उत्तरांचा पाऊस पडत होता. मामा मी. मावशी मी. आत्याची जागा भरली का? मीपण मामा, मामा कितीही चालतात. त्यांनी फोन चोळीत खुपसला आणि देवघरासमोर जाऊन उभ्या राहिल्या, पण देवाला नेमकं काय मागायचं तेच ठरेना.

गोष्ट साधी होती. येणाऱ्या सगळ्यांच्या कानांत त्यांचा आवाज मुरलेला होता. एक शब्द बोलल्या, की ओळखू येणार. कुजबुजल्या तरी ओळखू येणार, कारण दोन वर्षं त्या कुजबुजतच आल्या होत्या. हसल्या तर विचारूच नका. आणि ओळखू आल्या, की नवऱ्यासमोर सगळी म्हणणार, अरे हेच का ते साहेब! ज्या माणसाने सगळा जन्म ताठ मानेने काढला, त्याची काटेरी फांदी उभ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे हे त्याला कळणार. एकच वाट होती. घसा बसलाय म्हणायचं आणि दिवसभर मुक्याने काढायचा.

पण त्या वाटेतही खड्डा होता, आणि तो त्यांनी स्वतःच खणला होता. सईला पहिली दोन स्थळं आली तेव्हा नवरा-बायकोंनी एक खूण ठरवली होती. मुलगा पसंत असेल तर इंदिराबाई नेहमीसारख्या बोलत राहतील. नसेल तर 'माझा घसा बसलाय' म्हणून गप्प होतील, आणि मग वेणीमाधवराव 'बरं मग, कळवतो आम्ही' असं म्हणून उठतील. पहिल्या मुलाने पडद्याला हात पुसले होते. इंदिराबाईंचा घसा लगेच बसला. दुसऱ्याने सईला पगार विचारला आणि ऐकून 'बरं, चालेल' म्हणाला. घसा पुन्हा बसला. वेणीमाधवराव दोन्ही वेळा अचूक उठले होते.

म्हणून रविवारी सकाळी त्यांनी नवऱ्याला गाठलं. "हे बघा, आज माझा घसा खरंच बसलाय. त्याचा वेगळा अर्थ काढू नका."

"मघाशी दूधवाल्याशी भांडताना तर खणखणीत होता."

"त्यानंतर बसला."

वेणीमाधवरावांनी बायकोकडे समजूतदारपणे पाहिलं. "कळलं मला. पण अजून मुलगा यायचाय, इंदिरा. आधीच नापसंत करू नये. बघू तर दे."

"अहो, तसं नाही! मुलगा मला..." पण न पाहिलेला मुलगा पसंत कसा, हे काय सांगणार? तेवढ्यात खालून वॉचमनचा फोन आला.

"काका, लय माणसं आलीत. सगळी तुमच्याकडंच निघालीत. सोडू का?"

लिफ्टमध्ये चार माणसं मावत. चौघं आली, मग आणखी चौघं, मग लिफ्टचा कंटाळा येऊन उरलेली जिन्याने चढू लागली. नऊवारीतल्या बाई, कंपनीचा शर्ट घातलेला माणूस, कॉलेजच्या मुली, टोपीवाले आजोबा, कडेवर बाळ घेतलेली एक सून आणि बाळाची पिशवी धरलेली तिची सासू. प्रत्येकाच्या हातात काहीतरी. कुणी द्राक्षांची पेटी, कुणी चिवडा, कुणी इगतपुरीचा तांदूळ. समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंनी दार किलकिलं करून विचारलं, "कुठल्या पक्षाचे?" सोसायटीचे सेक्रेटरी सावळीराम खालच्या मजल्यावरून ओरडले, "साखळीवाली स्कीम असेल तर इथे चालणार नाही, सांगून ठेवतो!"

सगळ्यांच्या मागून धवल आला. उंच, घामाघूम, चेहरा पांढराफटक. "काका, मी चारच जणांना म्हटलं होतं," तो म्हणाला. "हे सगळे आले."

आवाज! इंदिराबाईंचा ऊर भरून आला. दोन वर्षं कानात बोलणारा हा आवाज, आणि त्याला असा चेहरा होता तर. किती वाळलाय पोरगा, त्यांना वाटलं. तोंडातून 'ये रे बाळा' निघणारच होतं. त्यांनी ओठ दातांखाली धरले, गळ्यावर हात ठेवला आणि मान हलवली.

"काकूंचा घसा बसलाय का?" धवलने हळवेपणाने विचारलं.

झालं! पाहुण्यांत खळबळ माजली. ज्येष्ठमध, हळद-दूध, लवंग भाजून, मिठाच्या गुळण्या. एका आजोबांनी खिशातून ओव्याची पुरचुंडी काढून त्यांच्या हातात ठेवली. वेणीमाधवरावांनी मात्र दुरून बायकोकडे एकच नजर टाकली आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला.

पाहुणे बसले. सोफ्यावर, सतरंजीवर, गॅलरीच्या उंबऱ्यावर. आणि बसल्यावर एक विचित्र शांतता पसरली. कुणी कुणाशी बोलेना. सगळे पहिलीच्या वर्गात पहिल्या दिवशी बसल्यासारखे एकमेकांकडे चोरून बघत होते.

वेणीमाधवरावांनी खाकरून सुरुवात केली. पहिल्या माणसाला विचारलं, "आपण मुलाचे कोण?"

"मामा म्हना," तो म्हणाला.

"मी पण मामा," शेजारचा म्हणाला.

कोपऱ्यातल्या नऊवारीतल्या बाई ताडकन उठल्या. "आगं बया! मोतीराम हाय का तू? इगतपुरीचा? ज्याच्या निरोपात मागून गाडीची शिट्टी वाजती?"

"पुतळाबाई?" मोतीराम मामा उभाच राहिला. "पेठच्या? आवो, मला वाटलं तुमी पातळ असाल. आवाज पातळ हाय ना तुमचा!"

मग जे सुरू झालं त्याला तोड नाही. या लोकांनी एकमेकांना जन्मात पाहिलं नव्हतं, फक्त ऐकलं होतं. चेहरे बघून कुणाला काही कळेना, म्हणून सगळ्यांनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनी चाळीस माणसं दिवाणखान्यात बोलू लागली. "थांबा, अजून एक वाक्य बोला... तू साक्षी! भावाच्या शर्टाला इस्त्री चिकटवणारी!" "तुम्ही हिरामणभाऊ, तुमचा नातू चालायला लागला का?" "हा पुंजा, हा नक्की पुंजा, नाकात बोलतोय!"

वेणीमाधवराव आपल्या खुर्चीच्या हातावर बोटं रोवून हे बघत होते. याची व्याख्या त्यांना सापडत नव्हती. तेवढ्यात सावळीराम जाब विचारायला दारात आले. आत चाळीस माणसं डोळे मिटून बसलेली पाहून त्यांचा आवाजच खाली आला. त्यांनी चपला काढल्या, आत येऊन मांडी घातली, हात जोडले आणि डोळे मिटले. कुणीतरी त्यांच्या ओंजळीत पोह्यांची बशी ठेवली. प्रसाद समजून त्यांनी ती कपाळाला लावली.

इंदिराबाईंना हसू आलं. पोटातून उचकीसारखं वर सरकलं. त्या वळल्या आणि धावत स्वयंपाकघरात गेल्या, कणकेच्या डब्याचं झाकण काढलं, तोंड आत घातलं आणि डब्यातच हसल्या. बाहेर आल्या तेव्हा नाक पांढरं होतं. सईने पदराने पुसलं आणि विचारलं, "आई, तू ठीक आहेस ना?" इंदिराबाईंनी मान डोलावली आणि डोळ्यांतून पाणी आलं.

बाहेर वेणीमाधवरावांनी शेवटी सरळच विचारलं. "धवल, खरं सांग. यातले तुझ्या नात्याचे किती?"

"एकही नाही, काका. हे माझे ऐकणारे आहेत. मीही सगळ्यांना आजच पाहतोय."

"आणि आजवर न पाहिलेली माणसं तू वडीलधारी म्हणून आणलीस?"

धवलने मान खाली घातली. तेव्हा नाकात बोलणारा पुंजा उठला. तो एका कारखान्यात रात्रपाळीला होता आणि झोप न काढताच आला होता. "साहेब, गेल्या साली ह्यो डेंग्यूनं दवाखान्यात होता. येकटाच. मी रोज डबा ठिवायचो वॉर्डाच्या दारात शिपायापाशी. आत जायाला टाइम नसायचा, पाळी लागायची."

धवल वळला. "डबा तुम्ही आणायचात? मेथीची भाजी?"

"बायकोनं केलेली. मीठ जास्त व्हायचं का?"

"नाही," धवल म्हणाला, आणि त्याने बाहीने डोळे पुसले. पुंजाने त्याच्या पाठीवर थापटलं. इंदिराबाईंना ती डेंग्यूची गोष्ट आठवली. त्यांनी तेव्हा रोज काढ्याच्या कृती पाठवल्या होत्या, आणि डबा पाठवायचं मात्र सुचलं नव्हतं.

वेणीमाधवरावांनी उठून पुंजाला स्वतःच्या खुर्चीवर बसवलं. त्या खुर्चीवर जावयाला बसायला मिळालं असतं तरी पुष्कळ होतं.

मग गाडी रुळावर आली. पोहे दुसऱ्यांदा टाकावे लागले, मग तिसऱ्यांदा, आणि तिसऱ्या घाण्याला पोह्यांऐवजी चिवडाच भिजवला. सावळीरामांना एव्हाना बऱ्याच गोष्टी कळल्या होत्या आणि ते दुसरी बशी घेऊन मामांच्या रांगेत जाऊन बसले होते. सगळं छान चाललेलं, आणि तेवढ्यात पुतळाबाई म्हणाल्या, "समदी आली, पन आपली आधणकाकू नाय आली व्हय? ती तर नाशकाचीच हाय ना?"

इंदिराबाईंच्या हातातला झारा थांबला.

"कोण आधणकाकू?" वेणीमाधवरावांनी विचारलं.

मग काय, गाढवाला गुळाची चव नसेल, पण या लोकांना आधणकाकूंची होती. चाळीस जणांनी एकाच वेळी सांगायला सुरुवात केली. काटेरी फांदी झाली. कोथिंबिरीची जुडी झाली. आणि मग मोतीराम मामाने उभं राहून, कमरेवर हात ठेवून, साहेबांची अर्धी शिट्टी करून दाखवली.

इंदिराबाई स्वयंपाकघराच्या दारात चौकट धरून उभ्या होत्या. आता संपलं, त्यांना वाटलं. आता ते ओळखणार.

वेणीमाधवरावांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग बोट वर करून म्हणाले, "बरोबरच आहे त्या गृहस्थाचं."

"आं?"

"प्रेशर म्हणजे प्रेशर. शिट्टी पूर्ण झाली नाही तर ती पूर्ण कशी धरायची? बॉयलरवर असं चालेल? आम्ही घरी अर्धी शिट्टी अर्धीच धरतो." त्यांनी समाधानाने सभोवार पाहिलं. "त्या बाईंना नवऱ्याची किंमत नाही. अशी काटेकोर माणसं आता राहिली नाहीत."

इंदिराबाई तशाच मागे सरकल्या, डबा उघडला आणि पुन्हा तोंड आत घातलं. पण या वेळी हसू आणि रडू दोन्ही एकदम आलं. एकतीस वर्षं बरोबर राहून या माणसाला स्वतःचा चेहरा दाखवला तरी ओळखू येत नव्हता. आणि तरी तो गोड दिसत होता, बोट वर करून, पातेल्यांना बॉयलर समजावत.

त्या बाहेर आल्या तेव्हा वेणीमाधवराव उभे राहिलेले होते. वेळ झाली होती. ते बायकोच्या उत्तरासाठी तिच्याकडे बघत होते. इंदिराबाईंनी जोरजोरात मान हलवली, हो, हो, हो! पण मधेच सावळीराम बशी घेऊन आडवे आले, आणि पुतळाबाईंनी शेजारून विचारलं, "ताई, घशाला बरं वाटतंय का?" इंदिराबाईंचा हात आपोआप गळ्यावर गेला. सावळीराम बाजूला झाले, आणि वेणीमाधवरावांना दिसला तो फक्त गळ्यावरचा हात.

त्यांनी एक लांब श्वास सोडला. धवलकडे पाहिलं, पुंजाकडे पाहिलं. त्यांना वाईट वाटत होतं, हे इंदिराबाईंना लांबूनही कळलं. मुलगा त्यांना आवडला होता. पण बायकोची खूण त्यांनी आजवर कधी मोडली नव्हती.

"बरं मग," वेणीमाधवराव म्हणाले, "कळवतो आम्ही."

महाराष्ट्रात या वाक्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. सईचा चेहरा उतरला. धवलने 'बरं काका' म्हटलं आणि हात जोडले. लोक एकेक करून उठले, दाराशी जाऊन आपापल्या चपला शोधू लागले. पुतळाबाई डोळे पुसत होत्या. धवलचा एक पाय बुटात गेला.

इंदिराबाईंनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं. तो ताठ उभा होता. त्या ताठ मानेवर आता काय कोसळणार ते त्यांना माहीत होतं. मग त्यांनी सईकडे पाहिलं.

"थांबा हो!" त्या ओरडल्या. "कुठे निघालात? मुलगा पसंत आहे मला! आजचा नाही, दोन वर्षांपासून पसंत आहे!"

चाळीस माणसं जागच्या जागी थिजली. कुणाचा हात चपलेवर, कुणाचा कडीवर. धवल एका पायात बूट घालून वळला. त्याने हळूच डोळे मिटले.

"काकू," तो म्हणाला, "अजून एक वाक्य बोला."

इंदिराबाई काय बोलणार? त्यांना हसू आलं. ते उचकीसारखं सुरू झालं, वर वर चढलं आणि शेवटी बारीक किंचाळून फुटलं.

"आधणकाकू!"

घर दणाणलं. पुतळाबाईंनी त्यांना मिठी मारून जमिनीवरून उचललं. साक्षी सोफ्यावर चढून नाचली. बाळ रडायला लागलं, सावळीराम टाळ्या वाजवायला लागले, कशासाठी ते त्यांनाही माहीत नव्हतं. धवल एका पायात बूट तसाच ठेवून वाकला आणि नमस्कार करताना रडला. "ये रे बाळा," इंदिराबाई म्हणाल्या, सकाळपासून अडकलेलं ते एकदाचं बाहेर पडलं.

मग हळूहळू सगळ्यांच्या माना वळल्या. वेणीमाधवरावांकडे.

"म्हंजे," मोतीराम मामा घाबरत म्हणाला, "हेच ते साहेब?"

वेणीमाधवराव मोजत होते. कोथिंबीर. स्कूटर. शिट्टी. त्यांचे कान लाल होत गेले. "कधी?" त्यांनी विचारलं.

"दुपारी. तुम्ही झोपता तेव्हा."

"दोन वर्षं?" ते खाली बसले. मग अगदी हळू म्हणाले, "मला का नाही सांगितल्यास या गोष्टी?"

इंदिराबाईंनी पदराने नाकावरची कणीक पुसली. चाळीस माणसांसमोर खोटं बोलणं त्यांच्याच्याने होईना. "तुम्हाला सांगायला घेतलं की तुम्ही दुरुस्त करता हो," त्या म्हणाल्या. "कधी शेवटापर्यंत पोचूच देत नाही."

कुणीच हसलं नाही. वेणीमाधवराव सतरंजीच्या दशांकडे बघत राहिले. इंदिराबाईंना वाटलं, उठतील आणि आतल्या खोलीत जातील. फार लागलं की ते तसंच करत. मोतीराम मामा पुढे सरकला आणि त्यांच्या शेजारी बसला.

"साहेब, आपल्या ग्रुपात दोन पार्ट्या हायेत. अर्धी शिट्टी मोजायची का नाय ह्याच्यावरून. मी पयल्यापासून तुमच्या पार्टीत हाय."

"किती जण आहेत आपल्या पार्टीत?" वेणीमाधवरावांनी मान वर न करता विचारलं.

"निम्मी तरी."

वेणीमाधवराव उठले, शर्ट खाली ओढला आणि धवलसमोर उभे राहिले. "कळवतो म्हणालो होतो ना? कळवलं. होकार आहे." सईने त्यांच्या गळ्यात हात टाकले. धवलने दुसरा बूट घालायचा की पहिला काढायचा हे न कळून तो तसाच हवेत धरला.

आता जायचं कोण नाव घेतंय? चपला परत रांगेत गेल्या, लोक परत सतरंजीवर बसले, आणि पुतळाबाईंनी फर्मावलं, "आधणकाकू, आता समोरासमोर सांगा. आज काय उतू गेलं?"

इंदिराबाई चौरंगावर बसल्या. समोर एवढे चेहरे, आणि मधे चादर नव्हती. त्यांचा घसा खरंच बसल्यासारखा झाला. "तर काय झालं," त्यांनी सुरुवात केली, "परवा सई म्हणाली, मुलाचं नाव धवल. मी पोळ्या लाटत होते. साहेब वर्तमानपत्र वाचत होते. मला म्हणाले..."

"तसं नव्हतं ते," वेणीमाधवराव म्हणाले. "आधी मी सईला विचारलं, की..."

"शूऽऽऽ!"

चाळीस माणसांनी एकदम केलं. सावळीरामांनी तर ओठांवर बोटही ठेवलं. वेणीमाधवरावांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. त्यांनी सभोवार पाहिलं, मग तोंड मिटलं, आणि मोतीराम मामाने सरकून केलेल्या जागेत मांडी घालून बसले. बॉयलरच्या आवाजात एक कान अधू झालेला होता, म्हणून त्यांनी त्याच्यामागे हात धरला आणि बायकोकडे पाहिलं.

इंदिराबाईंना क्षणभर पुढचं वाक्यच आठवेना. मग त्यांनी ते नवऱ्याकडे बघून सांगितलं.